तैलचित्र, तसबीर आणि चित्रपट : एका आस्वादाची तपासणी

१

कलेच्या आस्वादाविषयी लिहिताना लेखकाने स्वतःच्या आवडीनिवडीला कितपत वाव द्यावा, हा प्रश्न समीक्षेत वारंवार उपस्थित होतो आणि बहुधा अनिर्णीतच राहतो. ‘मला हे आवडले’ हे विधान कोणालाही खोडून काढता येत नाही. आणि नेमक्या याच कारणामुळे ते प्रमाण म्हणून स्वीकारताही येत नाही. उलटपक्षी, आवडीचा अंश कसोशीने वगळून केलेले विवेचन तर्कदृष्ट्या निर्दोष ठरले, तरी ज्या अनुभवाचा उलगडा करावयाचा तो अनुभवच त्यातून निसटून जाण्याचा संभव असतो. या दोहोंतून वाट काढावयाची, तर आवडीला निष्कर्ष न मानता पुरावा मानले पाहिजे आणि इतर कोणत्याही पुराव्याप्रमाणे तिची उलटतपासणी केली पाहिजे. प्रस्तुत लेखात असा एक प्रयत्न केला आहे.

तपासणीसाठी घेतलेली सामग्री त्रिविध आहे : राजा रविवर्मा (१८४८–१९०६) यांची तैलचित्रे, त्यांच्या चित्रांवरून निघालेल्या छापील तसबिरी, आणि त्या तसबिरींच्या छापखान्यात काही काळ काम केलेल्या दादासाहेब फाळके (१८७०–१९४४) यांचे मूकपट. या तिहींचा संबंध प्रत्यक्ष वंशसंबंध म्हणावा इतका निकटचा आहे. परंतु या वंशाचा विचार आपल्याकडे बहुधा उतरंडीच्या रूपाने केला जातो. तैलचित्र हे मूळ. तसबीर ही त्याची बाजारी प्रत. पौराणिक मूकपट म्हणजे तसबिरीलाच दिलेली हालचाल. प्रत्येक पायरीवर कलामूल्याचा थोडाथोडा ऱ्हास होत गेला, असे या मांडणीत गृहीत असते. माझा स्वतःचा अनुभव या उतरंडीशी जुळत नाही. तो न जुळणे हा माझ्या अभिरुचीचा दोष आहे की उतरंडीचा, हे पाहणे हा या लेखाचा हेतू आहे.

२

प्रथम वस्तुस्थिती थोडक्यात सांगणे अवश्य आहे. १८८८ मध्ये बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी रविवर्म्यांकडे चौदा पौराणिक चित्रांचे काम सोपविले. ‘नल-दमयंती’, ‘शंतनु-मत्स्यगंधा’, ‘विश्वामित्र-मेनका’, ‘कंस-माया’ ही त्यांपैकी काही. चित्रे पूर्ण झाल्यावर ती लोकांना पाहण्यासाठी खुली करण्यात आली, आणि ती पाहण्यास गर्दी लोटली. या गर्दीतील बहुसंख्यांना तैलचित्र विकत घेण्याचे स्वप्नही पडणे शक्य नव्हते. अशा चित्रांच्या छापील प्रती काढाव्यात, ही सूचना टी. माधवरावांसारख्या मुत्सद्द्याने रविवर्म्यांना त्यापूर्वीच केली होती. १८९४ मध्ये मुंबईत गिरगाव येथे रविवर्म्यांचा छापखाना सुरू झाला आणि ‘शकुंतलेचा जन्म’ हे चित्र तेथून प्रथम बाहेर पडले. पुढे प्लेगच्या दिवसांनंतर हा छापखाना लोणावळ्याजवळ मळवली येथे गेला आणि कालांतराने फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाच्या मालकीचा झाला. देवादिकांची चित्रे छापण्याचा हा महाराष्ट्रातील पहिलाच उद्योग होता, असे मात्र नाही. विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या पुढाकाराने निघालेली पुण्याची चित्रशाळा १८७८ पासून हे काम करीत होती.

तसबीर म्हणजे तैलचित्राचे यांत्रिक प्रतिबिंब, अशी समजूत असेल तर ती दूर केली पाहिजे. या छपाईत प्रत्येक रंगासाठी स्वतंत्र शिळा लागे. कारागीर मूळ चित्र डोळ्यांसमोर ठेवून त्यातील रंगांचे मनाशी पृथक्करण करी. कोणत्या ठिकाणी तांबडा किती, त्याखाली पिवळा किती, हे ठरवून बारीक ठिपक्यांनी एकेक शिळा तयार करी. मग एकाच कागदावर त्या सर्व शिळा नेमक्या जागी जुळवून क्रमाने उमटवावयाच्या आणि शेवटी वरून रोगण चढवावयाचे, म्हणजे तेलरंगाची झाक येई. एखादी शिळा केसभर सरकली, तरी देवीच्या ओठांचा रंग ओठांबाहेर जाई. सारांश, तसबीर ही प्रत नसून भाषांतर होती. आणि भाषांतराविषयी आपण जे प्रश्न विचारतो तेच तिच्याविषयी विचारणे न्याय्य ठरते.

फाळक्यांचे शिक्षण मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत आणि नंतर बडोद्याच्या कलाभवनात झाले. चित्रकला, छायाचित्रण, ठसे तयार करणे, छपाई, एवढेच नव्हे तर जादूचे प्रयोगही त्यांनी आत्मसात केले. रविवर्म्यांच्या छापखान्यासाठी त्यांनी काम केले, पुढे स्वतःचा छापखाना काढला, आणि तो सुटल्यावर ख्रिस्ताच्या जीवनावरील एक चित्रपट मुंबईत पाहून त्यांचे आयुष्य पालटले. पडद्यावर ख्रिस्त दिसत असताना आपल्या मनश्चक्षूंपुढे राम आणि कृष्ण उभे राहत होते, असे त्यांनी ‘नवयुग’ मासिकातील आपल्या लेखमालेत पुढे सांगितले आहे. त्यांच्या मनश्चक्षूंपुढे उभे राहिलेले हे राम-कृष्ण कोणत्या रूपात असतील, याची कल्पना त्यांच्या चित्रपटांवरून करता येते. ते बव्हंशी तसबिरीतलेच होते.

३

आता पुरावा. आमच्या घरी माजघरात रविवर्म्यांच्या लक्ष्मीची तसबीर होती. कमळावर उभी असलेली चतुर्भुज देवी, वरच्या दोन हातांत कमळे, बाजूला सोंडेत माळ धरलेला हत्ती, मागे पाणी. हे चित्र परिचित आहे. त्याचे अधिक वर्णन नको. आमच्या तसबिरीचे वैशिष्ट्य एवढेच की, माझ्या आजीने काचेआड देवीच्या वस्त्रावर खऱ्या जरीचे तुकडे, पदरावर टिकल्या आणि गळ्यात बारीक मणी चिकटविले होते. ही रीत तिच्या एकटीची नव्हती. अशा जरीने मढविलेल्या तसबिरी त्या काळी ठिकठिकाणच्या घरांत असत, आणि आज त्या संग्राहकांकडे पाहावयास मिळतात.

महाविद्यालयात कलेचा इतिहास वाचू लागल्यावर मला ही सजावट असह्य वाटू लागली. आजी तोपर्यंत राहिली नव्हती. एका सुटीत मी चौकट उघडली आणि ओल्या कापसाने जर, टिकल्या, मणी सर्व काढून टाकले. हेतू असा की, चित्र छापखान्यातून निघाले तसे दिसावे. जे दिसले ते वेगळेच होते. जरीखालचा रंग पन्नास-साठ वर्षे उजेडापासून सुरक्षित राहिल्यामुळे ताजा होता, आणि उरलेले चित्र उडून फिकट झाले होते. देवीच्या अंगावर आजीच्या जरीची आकृती गडद रंगाने उमटून राहिली होती. जे मी दूषण समजून पुसले, तेच चित्राच्या आयुष्याचा भाग होऊन बसले होते. घरात कोणी मला बोलले नाही. आईने तसबीर पुन्हा भिंतीवर लावली, एवढेच.

पुढे अनेक वर्षांनी बडोद्यात मूळ तैलचित्र पाहण्याचा योग आला. १८९६ च्या सुमाराचे हे चित्र समोर पाहताना अपेक्षा साहजिकच मोठी होती. आणि चित्रकाराचे कसब पाहून मन थक्कही झाले. वस्त्राचा पोत, कांतीवरील ऊन, पाण्यावरचा ओलसर उजेड, यांपैकी कशालाही तसबीर पोहोचत नाही. तथापि काही वेळ उभे राहिल्यावर एक अस्वस्थता जाणवू लागली. तिचे कारण शोधता असे आढळले की, तेलरंगाने या देवीला वजन दिले आहे. तिचे खांदे, दंड, कमरेचा भार हे सर्व इतके खरे आहे की, पायांखालचे कमळ तिला पेलणार कसे, हा प्रश्न डोळ्यांना पडतो. वास्तवाचे चित्रण जितके यशस्वी, तितका हा विरोध तीव्र. मुद्रेचेही तसेच. जिचे शरीर हाडामांसाचे आहे, तिच्या चेहऱ्यावर काही भाव असावा अशी अपेक्षा उत्पन्न होते. आणि तो नसल्यामुळे चेहरा शांत न वाटता रिकामा वाटतो.

तसबिरीत हे दोन्ही दोष नाहीत. ठिपक्यांच्या छपाईत खोली कमी होते, छाया सपाट होतात, आणि देहाचे वजन उतरते. ही देवी कमळावर उभी राहू शकते, कारण ती आता कमळाइतकीच हलकी आहे. तिचा चेहरा रिकामा नसून मोकळा आहे. पाहणाऱ्याने दिवसाच्या ज्या घटकेला जे मागणे आणावे ते तेथे मावते. म्हणजे, तेलरंगातून शिळेवर उतरताना चित्राने जे गमावले, त्यातच त्याची नवी योग्यता होती. भाषांतरात मूळ कृतीचा दोष निघून जावा, असा हा विरळा प्रकार आहे.

४

यावर एक गंभीर आक्षेप संभवतो. बा. सी. मर्ढेकरांनी ‘सौंदर्य आणि साहित्य’ (१९५५) या ग्रंथात संवाद, विरोध आणि समतोल या लयतत्त्वांच्या आधारे कलाकृतीच्या घटकांमधील संबंधांवर सौंदर्यविचार उभारला आणि व्यावहारिक भावनांना त्यापासून दूर ठेवण्याचा आग्रह धरला. या भूमिकेवरून असे म्हणता येईल की, आजीची आठवण, माजघरातील उजेड, शुक्रवारचे कुंकू हा सर्व कलाबाह्य व्यवहार होय. तो तसबिरीच्या खात्यात जमा करून लेखकाने आपल्या हळवेपणाला सिद्धांताचा वेश दिला आहे.

आक्षेपाचा पूर्वार्ध मला मान्य आहे. म्हणूनच वरील विवेचनात वजन, खोली आणि मुद्रा या चित्रातील गोष्टींवरच भर दिला आहे. आजीला न ओळखणाऱ्यालाही त्या पडताळून पाहता येतील. उत्तरार्ध मात्र मान्य करता येत नाही. मर्ढेकरांच्या विवेचनात प्रेक्षक कलाकृतीसमोर उभा आहे आणि पाहून झाल्यावर तो निघून जाणार आहे. चित्रशाळेत हे खरे असते. तसबीर मात्र ‘पाहून झाली’ असे कधी होत नाही. ती घरात असते. तिच्याकडे आपण क्वचित टक लावून पाहतो. बहुतेक वेळ तिच्यासमोरून जातो-येतो. जी वस्तू अशा सहवासासाठीच घडविली गेली आहे, तिच्या घटकांमधील संबंध सहवासाच्या संदर्भातच तपासले पाहिजेत. देवीची समोरासमोर दृष्टी, मध्यभागी उभी आकृती, पार्श्वभूमीतील अल्प तपशील, दुरूनही ओळखू येणारे ठळक रंग, ही सर्व रचना रोज दिसणाऱ्या चित्राची रचना आहे. एकदाच पाहिले तर ती बाळबोध वाटते. चाळीस वर्षे पाहिली तर ती का टिकते हे कळते.

वॉल्टर बेन्यामिन या जर्मन विचारवंताने १९३६ च्या आपल्या प्रसिद्ध निबंधात, यंत्राने प्रती निघू लागल्या की कलाकृतीभोवतीचे एकमेवपणाचे वलय नाहीसे होते, असे प्रतिपादन केले. युरोपातील चित्रांविषयी ते कितपत खरे आहे याचा विचार येथे अप्रस्तुत होय. आपल्याकडे मात्र क्रम उलटा दिसतो. बडोद्याचे एकमेव तैलचित्र संग्रहातील वस्तू झाले. आणि हजारोंनी छापलेली तसबीर घरोघर एकमेव झाली, कारण प्रत्येक घराने तिला आपली चौकट, आपले कुंकू, आपली जर दिली. छापखान्यातून निघताना ती प्रत होती. भिंतीवर गेल्यावर ती मूळ झाली. ज्यांना मंदिराच्या महाद्वारापर्यंतही येऊ दिले जात नव्हते, त्यांच्या झोपडीतही ही देवी जाऊ शकली, ही गोष्ट तर केवळ सौंदर्यशास्त्राची नव्हेच.

या लाभाची किंमतही सांगितली पाहिजे. छापील तसबिरीने देवतांची रूपे एका साच्यात बसविली. गौर वर्ण, भरदार बांधा आणि उच्चवर्णीय घरांतील लुगड्याची धाटणी ही दैवताची खूण होऊन बसली. पैठणची चित्रे, पिंगुळीच्या चित्रकथी, सावंतवाडीचे गंजिफे यांत देवांना जी निरनिराळी नाके-डोळे होती, ती पाहण्याची सवय हळूहळू सुटत गेली. तसबिरीची बाजू मांडताना हा तोटा झाकून ठेवणे अप्रामाणिकपणाचे होईल.

५

लक्ष्मीचे चित्र कथेबाहेरचे आहे. तेथे काही घडत नाही. रविवर्म्यांची खरी शक्ती, आणि त्यांच्यावरील टीकेचे खरे कारण, कथाचित्रांत आढळते. आनंद कुमारस्वामी आणि भगिनी निवेदिता यांनी त्यांच्या चित्रांवर कठोर टीका केली. कुमारस्वामींचा मुख्य आक्षेप नाटकीपणाचा होता. निवेदितांना जमिनीवर पहुडून पत्र लिहिणाऱ्या शकुंतलेचा अविर्भाव औचित्याला सोडून वाटला. नाटकीपणाचा आरोप खोटा नाही. प्रश्न असा की, नाटकीपणा म्हणजे नेमके काय, आणि तो कोठे दोष ठरतो.

यासाठी दुसऱ्या एका शकुंतलेकडे वळू : पायात काटा रुतल्याचे निमित्त करून मागे वळून पाहणारी शकुंतला. मूळ तैलचित्र तिरुवनंतपुरमच्या श्रीचित्रा कलादालनात आहे. तसबीर सर्वत्र पोहोचली. प्रसंग कालिदासाचा. निघताना दर्भांकुराचे निमित्त करून ती रेंगाळते. दुसऱ्या अंकात दुष्यंत तो क्षण आठवून विदूषकाला सांगतो. चित्रात सखीच्या खांद्यावर एक हात, एक पाऊल वर घेतलेले, मान मागे वळलेली. काटा नाही, हे तिला ठाऊक आहे. आपल्यालाही ठाऊक आहे. म्हणजे शकुंतला येथे स्वतःच नाटक करीत आहे. चित्राचा विषयच नाटक आहे. मग त्यात नाटकीपणा दिसला तर तो चित्रकाराचा दोष म्हणता येईल काय?

परंतु या चित्रातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट चित्रात नाहीच. ती म्हणजे दुष्यंत. शकुंतला ज्याच्याकडे पाहते, तो चौकटीबाहेर आहे. त्यामुळे हे चित्र स्वतःच्या कडांपाशी पुरे होत नाही. पाहणारा नकळत त्या नजरेच्या रोखाने चौकटीबाहेर जातो, तेथे काही न सापडल्यामुळे परत येतो, आणि पुन्हा जातो. चित्र स्थिर आहे. परंतु पाहणाऱ्याला त्याने एका येरझारीत गुंतविले आहे. पुढच्या क्षणी पाऊल खाली टेकणार, मान पुढे वळणार, हे आपण जाणतो. आणि ते कधीही घडणार नाही, हेही जाणतो.

तैलचित्र येथे तसबिरीहून निःसंशय श्रेष्ठ आहे. येथे वजन हवेच, कारण एका पायावर तोललेला देह हाच अर्थ आहे. तसबिरीत देह हलका झाला की तोल जातो, आणि उरते ती केवळ ओळखीची अदा. लक्ष्मीच्या बाबतीत ज्या गुणाने तसबीर सरस ठरली, त्याच गुणाने येथे ती उणी पडते. यावरून एवढे निष्पन्न होते की, मूळ आणि प्रत यांची तुलना सरसकट करता येत नाही; चित्र पाहणाऱ्याकडून काय मागते, यावर ती अवलंबून आहे. लक्ष्मी सहवास मागते. शकुंतला प्रतीक्षा मागते.

६

ही प्रतीक्षा पुरी करण्याचे साधन रविवर्म्यांच्या हयातीतच जन्माला आले होते. १८९६ मध्ये, म्हणजे लक्ष्मीचे चित्र रंगत होते त्याच सुमारास, ल्युमिएर बंधूंची हलती चित्रे मुंबईत दाखविली गेली. १९१३ च्या ३ मे रोजी गिरगावातील कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांसमोर आला. रविवर्म्यांचा छापखाना प्रथम जेथे सुरू झाला तेही गिरगावच. योगायोग म्हटला तरी तो बोलका आहे.

‘राजा हरिश्चंद्रा’ची आज उपलब्ध असलेली रिळे १९१३ ची की फाळक्यांनी १९१७ मध्ये केलेल्या पुनर्निर्मितीची, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत, प्रस्तुत मुद्द्याला त्याने बाध येत नाही. चित्रपट उघडतो तो एका तसबिरीनेच. राजा रोहिदासाला धनुर्विद्या शिकवीत आहे, तारामती जवळ उभी आहे. मांडणी सर्वस्वी रविवर्म्यांच्या वळणाची : आकृती समोरासमोर, मागे राजवाड्याचा देखावा, प्रत्येक जण जणू चौकटीसाठी उभा. प्रथम पाहताना मला येथे हसू आले, हे कबूल केले पाहिजे. त्यातच तारामतीचे काम अण्णा साळुंके या पुरुषाने केलेले. परंतु काही क्षणांत मुलगा धनुष्य ओढतो, बाण सुटतो, आणि तसबीर फुटते. ‘फुटते’ हा शब्द मी विचारपूर्वक वापरीत आहे. जी माणसे आयुष्यभर भिंतीवर स्थिर पाहिली, त्यांचा हात हलला, तेव्हा १९१३ च्या प्रेक्षकाला काय वाटले असेल, याची अंधूक जाणीव त्या क्षणी होते. हा धक्का बसण्यासाठी आधी तसबीरच दिसली पाहिजे. फाळक्यांची स्थिर मांडणी हे कॅमेऱ्याचे अज्ञान नव्हे. निदान ते केवळ अज्ञान नव्हे. प्रेक्षकाच्या घरातील चित्र त्यांनी पडद्यावर टांगले, आणि मग ते हलविले.

‘लंकादहन’ (१९१७) या चित्रपटात राम आणि सीता या दोन्ही भूमिका साळुंक्यांनीच केल्या. पडद्यावर राम अवतरताच प्रेक्षक हात जोडीत, असे त्या काळचे वर्णन आहे. एकच माणूस राम आहे आणि सीताही आहे, हे दिसत असूनही हात जोडले जात. याला भाबडेपणा म्हणून मोकळे होणे सोपे आहे. परंतु ज्याच्या घरात जरीने मढविलेली छापील लक्ष्मी होती, त्याला हा कागद आहे हे ठाऊक नव्हते, असे कोणी म्हणेल काय? कागद असून देवी, साळुंके असून राम, या दुहेरी जाणिवेचे शिक्षण तसबिरीने त्याला आधीच दिले होते.

फाळक्यांना या दुहेरी जाणिवेचे पूर्ण भान होते, याचा पुरावा ‘कालियामर्दन’ (१९१९) हा चित्रपट देतो. यात बाळकृष्णाचे काम त्यांची कन्या मंदाकिनी हिने केले. चित्रपटाच्या आरंभी कथा नाही. तेथे एका लहान मुलीचा चेहरा आहे, आणि तो एकामागून एक निरनिराळे भाव करून दाखवितो. मग त्याच चेहऱ्यातून, चित्रावर चित्र विरघळून, कृष्ण प्रकट होतो. म्हणजे दिग्दर्शक आधीच सांगून टाकतो : ही मुलगी आहे, ती अभिनय करते, आता ती कृष्ण होणार आहे. असे सांगितल्याने भ्रम नाहीसा व्हावा. प्रत्यक्षात तो नाहीसा होत नाही. उत्तरार्धात कृष्ण डोहात उडी घेतो. पाण्याखाली सर्पाशी झुंज चालू आहे आणि काठावर गोकुळ शोक करीत आहे. पडदा एकदा पाणी दाखवितो, एकदा काठ. आपण खाली काय चालले आहे ते जाणतो; काठावरची माणसे जाणत नाहीत. तरीही प्रत्येक वेळी काठ दिसला की, आपणही त्यांच्याबरोबर वाट पाहू लागतो. कृष्ण फणीवर उभा राहून वर येतो, तेव्हा त्याची मुद्रा आणि ठाण पुन्हा तसबिरीतलेच आहे. चित्रपट तसबिरीपासून निघाला, काळाच्या डोहात उतरला, आणि पुन्हा तसबिरीपाशी येऊन थांबला. परंतु ही तसबीर आता वाट पाहून मिळालेली आहे.

शकुंतलेच्या चित्राने ज्याची केवळ मागणी केली, ते येथे पुरे झाले. रविवर्म्यांच्या चित्रात चौकटीबाहेर असलेले स्थळ फाळके दुसऱ्या चौकटीत आणून ठेवतात. चित्रात थिजलेला पुढचा क्षण ते खरोखर येऊ देतात. नाटकीपणाचे म्हणाल, तर तो कमी झालेला नाही. उलट मंदाकिनीच्या चेहऱ्यावर तो उघड करून दाखविला आहे. झाकलेला नाटकीपणा खटकतो. कबूल केलेला नाटकीपणा श्रद्धेच्या आड येत नाही.

७

वरील तपासणीतून जे हाती येते ते मर्यादित आहे, परंतु मला ते महत्त्वाचे वाटते. तैलचित्र, तसबीर आणि चित्रपट ही एकाच कलामूल्याच्या ऱ्हासाची तीन टप्पे दाखविणारी उतरंड नव्हे. तैलचित्र आपल्याला एका क्षणासमोर उभे करते. तसबीर आपल्या दिवसांत येऊन राहते. चित्रपट आपल्याला वाट पाहावयास लावतो. रविवर्म्यांची लक्ष्मी तसबिरीत, शकुंतला तैलचित्रात, आणि त्यांच्या शैलीतील कथनाची ओढ फाळक्यांच्या मूकपटात आपापली पूर्णता गाठते. टीकाकारांनी रविवर्म्यांवर ठेवलेले दोष पुष्कळ अंशी खरे आहेत. मात्र त्यांनी निवाडा देताना चित्र कोठे पाहिले जाणार आहे, हा प्रश्न विचारला नाही. हा वंश येथेच थांबत नाही. कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांनी पडदे रंगविणाऱ्या हाताने ‘सैरंध्री’ (१९२०) घडविला आणि ‘कल्याण खजिना’ (१९२४) या आपल्या चित्रपटाचे भित्तिपत्रकही स्वतःच केले. चित्रपट अशा रीतीने पुन्हा छापील चित्राकडे वळला. त्याचा विचार स्वतंत्रपणे करावा लागेल.

राहिला प्रश्न वैयक्तिक आवडीचा. तसबिरीवरील माझे प्रेम हा आरंभी निव्वळ सवयीचा भाग असेल. पुढे शिक्षणाने मी त्याची लाज बाळगू लागलो, आणि त्या लाजेपोटी ओला कापूस हाती घेतला. त्या वेळी मला वाटले की, मी आवडीवर समीक्षेचा विजय मिळवीत आहे. प्रत्यक्षात मी एका प्रेक्षकाने नोंदविलेला अभिप्राय पुसून टाकीत होतो. त्या बाईला लिहिता येत नव्हते. जर लावणे हीच तिची आस्वाद व्यक्त करण्याची रीत होती. अशा अभिप्रायांची नोंद आपल्या कलेतिहासात फारशी नाही, कारण ते काचेआड होते, आणि ते काढून टाकणारे हात बहुधा सुशिक्षितांचे होते.

ती तसबीर माझ्याकडे आहे. जर पुन्हा लावावी असे अनेकदा मनात आले. परंतु ती आजीची ठरणार नाही, म्हणून लावलेली नाही. मळवलीचा छापखाना १९७२ च्या आगीत नष्ट झाला. त्या शिळांवरून आता नवी प्रत निघणे नाही. उडालेल्या रंगाच्या मध्ये जेथे जर होती तेवढा भाग अजून गडद आहे, आणि तसबिरीकडे पाहताना डोळे आधी तेथेच जातात.